दाराची मूठ

मंगळवारी सहा ते आठ
स्प्रिंगडेलच्या जुन्या शाळेच्या तळघरात
सरकार आम्हाला नवरा-बायको व्हायला शिकवतं.
फुकट.
वर स्पॅगेटी, बसचा पास,
आणि दहापैकी आठ वर्ग भरले तर
डायपरची दोन खोकी.

पहिल्या दिवशी फॉर्म.
घरात माणसं किती, पगार किती,
गेल्या महिन्यात भांडणं किती :
एकही नाही, एक ते तीन, चारहून जास्त.
मी विचारलं, अबोला कशात धरायचा?
मिस ओडेसा हसली. म्हणाली,
त्याला रकाना नाही, बाजूला लिही.
बाजूला जागा नव्हती.

तिच्याकडे एक पितळी मूठ होती,
पाडलेल्या वर्गाच्या दाराची.
जिच्या हातात मूठ तिनं बोलायचं,
दुसऱ्यानं ऐकायचं,
मग ऐकलेलं परत सांगायचं
स्वतःची तक्रार न मिसळता.
मी झाकली मूठ झाकलेलीच बरी
असं मानणाऱ्या घरातली.
पहिले पाच आठवडे ती पुढे सरकवत राहिले,
गरम बशी सरकवावी तशी.

समोर अल्मीना आणि टेलमॉन,
मार्शल बेटांवरून आलेले.
दोघं कोंबड्यांच्या कारखान्यात, एकाच पट्ट्यावर :
तो पंख कापतो, ती मोजते.
टेलमॉननं मूठ घेतली
आणि त्यांच्या भाषेत कितीतरी वेळ बोलला.
आम्हाला अक्षर कळलं नाही.
अल्मीनानं परत सांगितलं, एवढंच :
‘हा म्हणतो, त्याची बोटं रात्री झोपत नाहीत.’
फळ्यावर लिहिलं होतं, वाक्य ‘मी’पासून सुरू करा.
बोटांपासून सुरू झालेल्या वाक्याचं काय करायचं
ते पुस्तिकेत नव्हतं.

हार्लन रात्रपाळीला.
मी दिवसा, वृद्धाश्रमात चादरी बदलते.
तो आत येतो, मी बाहेर पडते.
आमचा संसार फ्रिजवर, चिठ्ठ्यांत :
दूध संपलं.
गिअरबॉक्सचे अकराशे सांगतोय.
रूथीला ताप होता, उतरला.

सहाव्या मंगळवारी मी मूठ घेतली.
येताना बसमध्ये सगळं रचलं होतं,
त्यानं न विचारता भावाला दिलेले चारशे,
त्या आधीचं, त्याच्याही आधीचं.
मूठ गार होती.
वळून बघते तर हार्लन झोपलेला.
तोंड उघडं, हनुवटीवर सॉस,
डोकं कलत कलत
आलं माझ्या खांद्यावर.

माणसाचं डोकं इतकं जड असतं
हे मी विसरले होते.

मिस ओडेसा उठली.
वाटलं, आता हलवणार त्याला.
तिनं अर्धे दिवे घालवले.
कुणी बोललं नाही.
पलीकडे पाळणाघरात एक पोर रडत होतं,
आमचं नव्हतं.
मी अकरा मिनिटं मोजली.
नंतर तिच्या वहीत उलटं वाचलं :
सहभाग, दोघांचाही, चांगला.

नववा वर्ग झाला नाही.
दाराला कागद : निधी संपल्यामुळे.
डायपर मिळाले, धाकट्याला एक नंबर लहान.
आणि घरी आल्यावर कोटाच्या खिशात
ती मूठ निघाली.
चोरली म्हणा.
आमच्या बाथरूमच्या दाराला दोन वर्षं मूठ नाही,
भोकात मोजा कोंबलाय,
घरमालक ‘बघतो’ म्हणतो.
हार्लननं बसवून बघितली.
दांडा जाड आहे, जात नाही.

आता ती टेबलावर असते, मिठाशेजारी.
रविवारी, चौघं एका वेळी जेवत असताना,
रूथीनं दोन्ही हातांनी उचलली.
‘आता मी,’ म्हणाली.
आम्ही चमचे खाली ठेवले.
तिला काही सुचेना.
मटार गार झाले.
पण मूठ सोडेना ती,
आणि आम्हीही
नजर.